ठोकळ्याला कोणतं तेल

अण्णा सायकलवरून पडले तेव्हा आईनं आधी घागरीकडं बघितलं. ती हे पुढं जन्मभर नाकारत राहिली, पण मी दारातच उभी होते. तिचाही दोष नाही. त्या साली पाऊस नावाला झाला होता, दिवाळीतच आमच्या गल्लीतल्या आडानं तळ दाखवला होता, आणि अण्णा लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून सायकलला घागरी बांधून पाणी आणत होते. घागर तांब्याची होती, तिला नुसता पोचा आला. अण्णांचं उजवं मनगट मोडलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. उस्मानाबादकडच्या वाशीच्या बाजारपेठेत त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं आमचं घर. आई मशीनवर बसायची, मी काजं-बटणं करायची आणि कापायचं काम अण्णांचं. त्यांची कात्री लोखंडी आणि जड होती. मुठीला चिंध्या गुंडाळून गुंडाळून फक्त त्यांच्या बोटांपुरती जागा राहिली होती. त्या कात्रीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा कायदा होता. कात्री एका हाताला सरावते, दुसऱ्याचा हात पडला की बिघडते, असं ते म्हणायचे. लहानपणी मी तिनं एकदा पतंगाचा कागद कापला होता. त्या दिवसाविषयी आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही.

हाताला प्लास्टर होतं तोवर ठीक होतं. प्लास्टर आहे म्हणजे आत काहीतरी चांगलं चाललंय असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. उस्मानाबादच्या सरकारी दवाखान्यात ते कापून काढलं, तेव्हा आतून जो हात निघाला तो अण्णांचा नव्हताच. बारीक, फिका, आणि बोटं अशी की सुपारी धरायला सांगितली तर सुपारी खाली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता हात पिळायच्या कामाला लावा. घरातलं धुणं पिळा. नाही पिळलं तर सांधे धरतील आणि मग मात्र काही खरं नाही.

सल्ला चांगला होता. पण पिळायला धुणं लागतं आणि धुण्याला पाणी लागतं. त्या दिवसांत आमच्याकडं अंघोळसुद्धा पाळीपाळीनं चालायची. आईनं दोन-चार दिवस कोरडी चादरच त्यांच्या हातात दिली. कोरडी चादर पिळणारा माणूस दुकानात बसला की गिऱ्हाईक आत यायचं थांबतं, हे आमच्या लक्षात आलं.

गिऱ्हाईक तसंही कमीच होतं. दुष्काळात लोक लग्नं पुढं ढकलतात आणि जुन्या झंपरला ठिगळ लावून घेतात. आमचा सगळा आधार होता तो खाकी कपड्यांवर. माझे मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ, सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. त्यांच्या शब्दामुळं कारखान्याच्या वॉचमन लोकांचे खाकी कपडे दरसाल आमच्याकडं शिवायला यायचे. कापड गुढीपाडव्याच्या आसपास यायचं. ते खाकी म्हणजे काय सांगू, उभं केलं तर उभं राहील असं. त्याचे चार पदर एकावर एक घालून अण्णा कापायचे, आणि ते त्यांचं एक ऐट दाखवायचं काम होतं.

दवाखान्यातून आल्यावर अण्णांनी जेवताना, डाव्या हातानं भाकरी मोडत, जाहीर केलं. "पाडव्याला कापड यील. तवर हात आला तर आला. न्हायतर दुकान मोडायचं आन् सोलापूरला थोरल्याकडं जायाचं."

"आन् तिथं जाऊन काय करायचं वो?" आई म्हणाली.

"बसायचं. म्या मशीन इकीन, पर गिऱ्हाइकाचं कापड वाकडं कापणार न्हाय."

सोलापूरच्या थोरल्या चुलत्यांचं घर मी पाहिलं होतं. तिथं बसायलाही जागा नव्हती. मी रागानं वरण ओतलं ते थाळीबाहेर गेलं, आणि त्यावरून वेगळंच भांडण झालं.

मामा आले ते तो ठोकळा घेऊन. सोलापूरच्या बाजारात नवीनच आला होता म्हणे. सहा बाजूंना सहा रंग, आणि बारीक बारीक घरं फिरवून ते रंग मोडायचे आणि परत जुळवायचे. मामांनी तो कोट्याच्या साखरेसारखा जपून पिशवीतून काढला.

"दाजी, ह्ये बगा पिळायचं यंत्र. पाणी लागत न्हाय, धुणं लागत न्हाय. बसल्या जागी पिळत ऱ्हायचं."

अण्णांनी तो डाव्या हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला. रंगांचं काय करायचं ते मामांनी समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "रंग जुळवायचं काम जन्मभर केलं की. कापडाला रिळाचा दोरा लावून बगायचा, उजेडात न्यायचा. आता फुकट कोण जुळवतंय?" तेव्हापासून आमच्या घरात त्या ठोकळ्याचे रंग कधीच जुळले नाहीत, आणि कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. आमच्या लेखी ते औषध होतं.

औषध म्हटल्यावर त्याला दुसऱ्याचा हात नको. कात्रीचा कायदा अण्णांनी लगेच ठोकळ्यालाही लावला. आणखी एक कलम त्यात घातलं, ते असं की ठोकळा सुरळीत फिरेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. "कात्री जर का लुळ्या हाताला सरावली तर संपलं," ते म्हणाले. कात्री फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर गेली. मधल्या काळात कापायचं काम माझ्याकडं आलं, लहान कात्रीनं. शेजारच्या किराणा दुकानातली म्हातारी, तिला सगळी पेठ अव्वा म्हणायची, तिच्या झंपरची एक बाही मी कोपरापर्यंत केली आणि दुसरी त्याच्या बरीच वर. अव्वाचं माहेर कर्नाटकातलं, ती चिडली की कानडीत चिडायची. पण झंपर तिनं घातलं. "एका हाताला तरी थंडी वाजत न्हाय की," म्हणाली आणि वर मला मूठभर फुटाणे दिले. मला फुटाणे गोड लागले नाहीत.

आता अडचण अशी की ठोकळा नवा होता आणि घट्ट होता. धडधाकट माणसालाही दोन्ही हातांनी मुरगाळावा लागला असता. अण्णांचा हात त्याच्यापुढं काहीच नव्हता. एखादं घर अर्धवट फिरायचं आणि अडकायचं. कपाळावर घाम यायचा, आणि ते आमच्याकडं न बघता तो गल्ल्याच्या पेटीत टाकून द्यायचे. म्हणून ठोकळ्याला काहीतरी घालावं असं ठरलं. काय घालावं, यावर मात्र आमच्या घराचे तट पडले.

मामा वंगणवाले. "यंत्र म्हंजे यंत्र," ते म्हणाले, "कारखान्यात एवढाली चाकं फिरत्यात ती कशावर?" आणि पुढच्या खेपेला कागदात गुंडाळून काळंभोर ग्रीस घेऊन आले. ते ठोकळ्यापर्यंत पोचलंच नाही. मामांनी पुडी सोडली, बोटावर घेतलं आणि टेकायला म्हणून हात ठेवला तो नेमका पांढऱ्या पॉपलिनवर, कुणाच्या तरी सदऱ्याच्या. कापणाऱ्याच्या दुकानात काळं बोट म्हणजे काय, ते मामांना त्या दिवशी कळलं. अण्णांचा हात गेला होता, आवाज गेला नव्हता. तो डाग काढायला आईनं प्यायच्या पाण्यातलं पाणी घेतलं आणि सख्ख्या भावाला चहा दिला नाही.

मी म्हणत होते मशीनचं तेल घालू. घरात बाटली होतीच. पण पेठेत मिळणारं ते तेल रॉकेलच्या वासाचं असायचं, आणि रॉकेलनं आईचा प्लॅस्टिकचा साबणदाणीचा डबा एकदा पांढरा पडून तडकला होता. लग्नात आलेला डबा. आईनं तो दुःखाचा प्रसंग पुन्हा सविस्तर सांगितला आणि माझं तेल बाद झालं. प्लॅस्टिक आमच्याकडं तसं नवीन होतं. त्याला काय मानवतं आणि काय नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी हट्टानं माझी तोंडाची पावडर त्यात भुरभुरली. ठोकळा थोडा फिरला, अण्णा मात्र दुपारभर शिंकत होते. अव्वानं खोबऱ्याचं तेल सुचवलं, वाटीत दिलंही. थंडीचे दिवस होते, सकाळी वाटीत आणि ठोकळ्यात दोन्हीकडं ते थिजून बसलेलं. अण्णांनी ठोकळा उन्हात ठेवला आणि स्वतःही त्याच्याशेजारी बसले. उन्हं उतरली की दोघंही पुन्हा आखडायचे.

मग आई म्हणाली, "कामून एवढं लांब जाताय? घरात करडईचं तेल न्हाय का?"

त्यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्याकडं करडईचं तेल म्हणजे सगळं. भाजीला तेच, डोक्याला तेच, दिव्यात तेच, दाराच्या कुरकुरत्या बिजागरीत तेच. दवाखान्यातून आल्यापासून अण्णांच्या मनगटाला आई तेच कोमट करून चोळत होती. हाताला चालतं ते ठोकळ्याला का नाही? मामांनी सुद्धा मान हलवली, आणि त्यांना त्या दिवशी चहा मिळाला.

ठोकळा अण्णांच्याच हातात ठेवून आईनं कापसाची वात बुडवून फटी-फटीत तेल सोडलं, अण्णांनी ठोकळा हळूच मुरगाळला, आणि तो फिरला. अगं बाई, असा फिरला की त्यांच्या हातातून निसटून मांडीवर पडला. अण्णा हसले. पडल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. दिवसभर खुळखुळ चालू, जेवताना चालू, गिऱ्हाइकाशी बोलताना चालू. आई स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत होती, ती खूश असली की असंच करायची.

आठवडाभरात ठोकळा जरा जड झाला. तेल सुकलं असेल म्हणून आईनं आणखी थोडं सोडलं. दोन दिवस चांगला फिरला. पुन्हा जड झाला. पुन्हा वात. हे असं पुढं चालूच राहिलं.

इथं मला माझ्या एका कामाबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या तेलाची किटली घासायचं काम माझ्याकडं होतं आणि मला त्याचा मनापासून तिटकारा होता. करडईचं तेल सांडून वाळलं की त्याचा पिवळट चिकट थर धरतो. बोट लावलं तर बोट सोडत नाही. आधी राख, मग गरम पाणी, मग काथ्या, आणि शेवटी नखं. मी दर बाजारच्या आदल्या दिवशी ती किटली घासायची आणि घासताना जगातल्या सगळ्या करडईला शिव्या द्यायची. एवढं असूनही ठोकळ्याकडं बघून माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. किटली ही किटली होती आणि ठोकळा हे औषध होतं.

संक्रांत गेली. अण्णा बोलेनासे झाले. ठोकळा रोज पिळायचे, दात-ओठ खाऊन, मान खाली घालून, पण आता खुळखुळ ऐकू यायची नाही, मधेच एखादा करकर आवाज यायचा. आईनं विचारलं तर म्हणायचे, "फिरतंय." मला मात्र एकदा काजं करताना हळूच म्हणाले, "पोरी, आधी बोटात जरा जोर आल्यागत वाटला होता. आता रोज कमीच व्हायलाय."

"असं कसं व्हईल अण्णा? डॉक्टर तर म्हणत होते—"

"डाक्तरचा हात हाय का ह्यो?"

मी सुई टोचून घेतली आणि तेच निमित्त करून आत गेले. मला भीती वाटत होती. दुकानाची फळी, मशीनचा आवाज, मागचं घर, हे सगळं सोडून कुणाच्या तरी पडवीत राहायचं. आणि अण्णा नुसते बसलेले. ते चित्र मला भाजी चिरताना सुद्धा दिसायचं.

घरात इतरही बारीकसारीक कुरबुरी चालू होत्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना. अण्णाच लोणचं घेऊन ती बंद करायचे, पण आईनं बरणीला नावं ठेवली, आटे गेलेत म्हणाली, आणि झाकण अव्वाच्या मुलाकडून उघडवून आणलं. अंगणातल्या दोरीची गाठ सुटेना. मापं घ्यायचा खडू अण्णांच्या हातात मोडायला लागला, तर खडूवाला लबाड निघाला असं ठरलं. आम्ही सगळ्या जगाला दोष दिला. अण्णांच्या हाताला कुणी विचारलं नाही.

पाडवा तोंडावर आला आणि एका दुपारी मामा खाकी कापडाचं ठाण खांद्यावर घेऊन एस्टीतून उतरले. दुकानात आले, ठाण फळीवर टाकलं. धप्प आवाज झाला. अण्णांनी कापडावरून डावा हात फिरवला, काठ बोटांत धरून बघितला. मग म्हणाले, "चांगलं आलंय औंदा. पर परत घिऊन जावा. खालच्या पेठंत दुसरं दुकान हाय, त्येला द्या. त्येचं कापायचं काम बरं हाय."

आईनं मशीन थांबवलं.

"दाजी, आसं काय बोलताय?" मामा म्हणाले. "हात फिरतोय न्हवं?"

"फिरतोय. पर म्या सगळा जीव लावतो तवा फिरतोय. कालच्यापेक्षा आज जास्ती, आजच्यापेक्षा उद्या जास्ती. म्या काय खुळा न्हाय. आपला हात कुटं चाललाय त्ये आपल्याला कळतंय." एवढं बोलून त्यांनी गल्ल्यातून ठोकळा काढला आणि मामांपुढं केला. "ह्ये बी घिऊन जावा. तुमच्या पोरान्ला खेळाय व्हईल."

इतक्या महिन्यांत तो ठोकळा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हातात गेला. अण्णांनी कायदा मोडला म्हणजे सगळं संपलंच, हे आईला आणि मला दोघींना समजलं. आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. काहीतरी करायचं म्हणून मामांनी ठोकळा फिरवायला घेतला.

तो फिरला नाही.

मामांनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. पुन्हा धरला, या वेळी दोन्ही हातांनी. मामा म्हणजे कारखान्यातले गंजलेले नट पान्ह्याशिवाय सोडवतो असं सांगणारा माणूस. त्यांच्या मानेची शीर वर आली, तोंड लाल झालं, चप्पल पायातून सरकली. ठोकळा जागचा हलला नाही.

"दाजी," मामा धापा टाकत म्हणाले, "ह्ये जाम हाय."

"जाम कसं आसंल? सकाळी फिरवलाय म्या."

"तुमी फिरवा बरं."

"आवं काय थट्टा लावलीय—"

"फिरवा म्हन्तो ना!"

अण्णांनी वैतागून ठोकळा हिसकून घेतला. उजव्या हातात धरला, ओठ दाबले आणि पिळला. करर्र करून एक अख्खी बाजू फिरली.

मामा म्हणाले, "पुन्ना फिरवा." अण्णांनी पुन्हा फिरवला. मामांनी तो घेतला, जोर लावला, नाही फिरला. मग माझ्याकडं दिला, आणि मी काय फिरवणार, पण तो हातात आला तेव्हा बोटांना ओळखीचं काहीतरी लागलं. पिवळट. चिकट. बोट उचललं तर सोडेना. वास तर झोपेतही ओळखला असता मी.

"आई," मी म्हणाले, "आगं ह्ये किटलीचं किटण हाय."

आईनं ठोकळा नाकाशी धरला. नखानं फट खरवडली, आणि नखाबरोबर डिंकासारखी तार आली. "आगं माय गं! म्या हातानं जाम करीत होते की वो, आठवड्याच्या आठवड्याला! तुमी एक शबूद तर बोलायचा!" आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, दुकानात, गिऱ्हाईक होऊ शकतील अशी माणसं रस्त्यावरून बघत असताना.

अण्णांचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. ते हाताकडं बघत होते. मूठ वळली, उघडली. पुन्हा वळली. मग त्यांनी पाठमोरं होऊन वरच्या फळीवरचं फडकं काढलं, गाठ सोडली आणि कात्री बाहेर घेतली. चिंध्या गुंडाळलेल्या मुठीत त्यांची बोटं गेली. ती नीट बसली, मी पाहिलं.

"धर गं," मला म्हणाले.

मी खाकीचे चार पदर एकावर एक सारखे करून धरले. त्यांनी खडूनं रेघ ओढली, आणि खडू मोडला, आणि या वेळी खडूवाल्याला कुणी काही म्हणालं नाही. कात्री रेघेवर आली. कर्रच. कर्रच. कापड दोन्हीकडं पडत गेलं, रेघ सोडून सुताभर इकडं नाही की तिकडं नाही. मला रडू फुटलं. बटणांचा डबा पुढ्यात होता, त्यातच टिपं पडली, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मामा तोवर सावरले होते. ठोकळा उलटासुलटा करत म्हणाले, "दाजी, ह्येला म्या कारखान्यात नेतो. चांगला धुतो आन् वंगण घालून आणतो. बगा मग कसा फिरतोय त्ये."

अण्णांनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती.

"नगं," ते म्हणाले. "त्येला घालायचंच आसंल तर करडईचंच घाला."